शाल नको म्हणणारी

समोरच्या घराच्या खिडकीत एक इंद्रधनुष्य आतून चिकटवलेलं आहे. कागदाचं. त्या घरातल्या लेकरांनी मागच्या वर्षी, सगळं बंद झालं तेव्हा काढलेलं. खाली मोठ्या अक्षरांत ‘थँक यू, हीरोज’. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन आमच्या खिडकीशी उभी राहते तेव्हा नजर नेमकी तिथेच जाते. या आयर्लंडात ऊन म्हणजे पाहुणा. आला तरी टेकत नाही, उभ्या उभ्या निघून जातो. तरी त्या कागदाचा रंग पार उडालाय. तांबडा गेला, निळा गेला, आता पिवळसर पट्टे तेवढे राहिलेत आणि अक्षरं मात्र ठळक आहेत, कारण ती कुणीतरी मोठ्या माणसाने मार्करने गिरवलेली. ते बघितलं की माझं टाळकं सरकतं. सकाळच्या पारी कुणावर चिडू नये म्हणतात, पण मी चिडते. चहा कडू होतो.

तुम्ही म्हणाल, बाई, लेकरांच्या चित्रावर काय चिडायचं? लेकरांवर कशाला चिडेन मी? त्या एका शब्दावर चिडते. हीरो. वीर. आपल्याकडे या शब्दाची काय दशा झालीय ते तुम्हीही जाणता. माणूस जिवंत असताना त्याला दगड मारायचे, मेला की त्याच दगडाचा पुतळा करायचा. वर्षातून एकदा हार, एकदा भाषणं, आणि उरलेले दिवस कबुतरांच्या हवाली. मला वाटायचं, हे वेड फक्त आपल्याच मातीत उगवतं. मग कुंपणापलीकडची ती भेटली आणि कळलं, हे पीक सगळीकडे येतं.

मी इथे आले ती लेकीच्या बाळंतपणाला. ब्युमॉन्टला मोठं हॉस्पिटल आहे, त्याच्या मागच्या वस्तीत लेकीचं घर. नातू झाला, बारसं झालं, परतीचं तिकीट काढलेलं होतं, आणि विमानं बंद पडली. वर फर्मान निघालं की सत्तरीपुढच्यांनी उंबरा ओलांडायचा नाही. मी सत्तरी ओलांडलेली. मग मला राहिलं मागचं अंगण, त्यातलं एक सफरचंदाचं झाड आणि कमरेइतकं लाकडी कुंपण. कुंपणापलीकडच्या घरात एक खोली घेऊन ती राहायची. फिलिपिनो नर्स. इथून बसने जावं लागायचं अशा एका वृद्धाश्रमात कामाला. तिशी उलटलेली, अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे बघून सगळे म्हणतात, ‘ही माणसं किती आनंदी असतात नाही!’ ड्युटीवरून आली की ती आत जायच्या आधी मागच्या पायरीवर बसायची, बूट काढायची आणि नुसती समोर बघत राहायची. मी चहाचा कप कुंपणाच्या खांबावर ठेवायची आणि चार पावलं मागे सरकायची. ती उठायची, कप उचलायची, परत पायरीवर. अशी आमची मैत्री जमली, मधे दोन माणसं झोपतील एवढं अंतर ठेवून.

माझं इंग्रजी म्हणजे सातवीपर्यंतचं, पुढचं टीव्हीवरचं आणि वाचनालयाच्या जुन्या मासिकांतलं. पण बाईला बाईचं बोलणं कळायला व्याकरण लागत नाही. ती मला ‘तीता’ म्हणायची. त्यांच्याकडे मावशी-आत्याला तसं म्हणतात. आणि वाक्याच्या शेवटी एक ‘पो’ जोडायची, मान देण्यासाठी, आपण ‘हो ना जी’ म्हणतो तसं. आठ वर्षांची लेक आपल्या आईपाशी ठेवून ती इथे आलेली. लेकीला आणायचे कागद चाललेले. पण ते सगळं तिच्या परमिटला बांधलेलं, आणि परमिट त्या वृद्धाश्रमाच्या नोकरीला. दावणीला गाय आणि गाईला वासरू, तसं. नोकरी सुटली की लेक लांबली. एवढं एक कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

एका संध्याकाळी सगळ्या देशाने दारात येऊन टाळ्या वाजवायच्या असं ठरलं. आम्हीही वाजवल्या. मी तर ताटली-चमचा घेऊन गेले होते. ती नेमकी तेव्हाच कामावरून परत येत होती. पाठीला पिशवी, मान खाली. आख्खी गल्ली तिच्यासाठी टाळ्या वाजवतेय आणि ती लग्नात उशिरा आलेल्या पाहुणीसारखी कडेकडेने चालतेय. दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून म्हणाली, “तीता, काल मला एवढं रडू आलं. लोकांना वाटलं आनंदाने.” मग सांगितलं तिने. वृद्धाश्रमात मास्क होते. पण मॅनेजरच्या प्रेसमध्ये कुलूपबंद. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ‘मास्क लावलात तर म्हातारी माणसं घाबरतील,’ असं सांगितलेलं. खोकणारीलाही कामावर या म्हणायचे. आणि ज्या खोल्यांमधून ती माणसं एकेक करून निघून गेली, त्या खोल्यांचे पलंग हिनेच पुसायचे. एक आजी रोज हिला ‘आलीस का गं’ म्हणून विचारायच्या, हिला स्वतःची मुलगी समजून. त्या गेल्या तेव्हा हातात हात हिचा होता. रबरी मोज्यांतला. तोही मोजा कालचाच, धुऊन वाळवलेला.

मी म्हटलं, “बोल की गं कुणाशी तरी!” ती म्हणाली, “बोलले. सकाळच्या पाळीला काम सोपवताना सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून मॅनेजर माझ्याशी फार गोड बोलतात.”

तिच्या खोलीच्या खिडकीत एक छोटी तसबीर होती. कोटातला, केसांचा नीट भांग पाडलेला एक तरुण. मला आधी वाटलं नवरा. तर तो त्यांचा राष्ट्रपुरुष. नाव मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत असेल, नसेल तर कुणाही फिलिपिनो माणसाला विचारा, तो दोन मिनिटांत छाती काढून सांगेल. डोळ्यांचा डॉक्टर होता. आईची नजर जात चालली म्हणून समुद्र ओलांडून डोळ्यांची विद्या शिकला आणि परत येऊन आईच्या डोळ्यांवर स्वतः शस्त्रक्रिया केली. त्यांच्या देशावर तेव्हा स्पेनचं राज्य. पाद्री आणि जमीनदार लोकांना पिळायचे ते याने बघितलं आणि कादंबऱ्यांत मांडलं. झालं. दूरच्या एका बेटावर हद्दपार केला. तिथेही गडी स्वस्थ बसला नाही. दवाखाना काढला, पोरं शिकवली, गावाला पाणी आणलं. शेवटी पस्तिशीत गोळ्या घातल्या. पाठीत घालायच्या म्हणून उलटा उभा केला होता, म्हणे, तर पडता पडता त्याने अंग वळवलं. मी ऐकत होते आणि माझ्या मनात ती आई. लेकाने नजर दिली तिला, आणि त्या नव्या नजरेने तिला काय बघावं लागलं!

“आमच्याकडे शाळेत तो कसा मेला ते पाठ करून घेतात,” ती म्हणाली. “शेवटच्या कवितेपासून शेवटच्या गोळीपर्यंत. तो रोज सकाळी उठून काय करायचा ते कुणी शिकवत नाही, पो. कारण ते शिकवलं तर पोरं तसं करायला लागतील.” आणि हसली, तेच ते हसू. “आम्ही परदेशात कामाला जातो ना, आम्हाला भाषणांत नवे वीर म्हणतात. पैसे पाठवा, सहन करा, रडायचं तर बाथरूममध्ये रडा. तुम्ही वीर आहात!”

आता थोडं वळणाने जाते, रागावू नका. आमच्या गावाला, कराडच्या अलीकडे, एक नर्सबाई होत्या. उपकेंद्रात एकट्या. दर सव्वीस जानेवारीला त्यांचा सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ, टाळ्या. आणि दरवर्षी त्या उभ्या राहून एकच मागायच्या, की उपकेंद्राच्या संडासाला दार बसवा, बाळंतिणी येतात, लाज वाटते. दरवर्षी सगळे माना डोलवायचे. दरवर्षी नवी शाल. शेवटी त्या बाईने काय केलं, मानाच्या शालींतली एक शाल घेतली आणि दाराच्या जागी खिळ्यांनी ठोकून पडदा लावला. तर गावात बोभाटा, बाईने मानाच्या शालीचा अपमान केला! बिनदाराच्या संडासाने कुणाचा अपमान झाला नव्हता इतकी वर्षं. मी तेव्हा नवी सून होते, पदराआडून हसले होते. आता हसू येत नाही.

तर उन्हाळ्यात जरा मोकळीक मिळाली आणि इथल्या मराठी मंडळींना सत्काराची उबळ आली. माणूस समुद्रापार गेला तरी शाल-श्रीफळ सुटत नाही. एक उत्साही गृहस्थ शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या ल्यूकनहून गाडी घेऊन आले. औषधांच्या कारखान्यात मोठ्या जागेवर आहेत. दारातूनच म्हणाले, “काकू, छोटासा प्रोग्रॅम ठेवलाय. फ्रंटलाइनवाल्यांचा सत्कार. एकदम ग्रँड होईल. आपल्या डॉक्टर लोकांबरोबर एखादी फिलिपिनो नर्सही असावी, म्हणजे कसं, इन्क्लुसिव्ह वाटतं. तुमच्या शेजारी आहे ना एक? जरा पटवा तिला.”

“नारळ कुठनं आणणार?” मी विचारलं.

“एशियन दुकानात मिळतो की, काकू. शेंडीवाला मात्र नाही मिळत.”

मी तिला विचारलं. ती म्हणाली, “बोलायला देतील का मला, तीता?” मी म्हटलं, दोन शब्द तर देतातच. ती म्हणाली, “मग येते.”

हिरवळीवर लांब लांब खुर्च्या मांडलेल्या. वारा असा की शालींच्या प्लास्टिकच्या पिशव्या फडफडत होत्या. पोरं बापांच्या मांडीवर चुळबुळत होती, “इज इट ओव्हर यट, बाबा?” एकेक डॉक्टर पुढे येत होता, शाल पांघरून घेत होता, मास्कआडून हसत होता. त्यांच्याबद्दल मला एक अक्षर वावगं बोलायचं नाही, त्यांनीही मरण जवळून बघितलं होतं. मग तिची पाळी आली. गृहस्थांनी आदल्या रात्री इंटरनेटवर वाचून तयारी केलेली. इंग्रजीत म्हणाले, आपल्या या भगिनीच्या देशात एक महान हुतात्मा होऊन गेला, त्याने हसत हसत मृत्यूला कवटाळलं, आणि आजच्या फिलिपिनो पिढीने त्याच्याकडून काय शिकावं, तर त्याग! निरपेक्ष सेवा! तक्रारीचा एक शब्दही न काढता! माझी लेक माझ्या कानाशी लागून एकेक वाक्य सांगत होती, आणि मी त्या बारीक बाईच्या पाठीकडे बघत होते. ती ताठ होत चालली होती.

शाल पुढे आली तेव्हा तिने दोन्ही हात जोडले. आपल्यासारखे. बहुतेक माझं बघून शिकलेली. आणि माइक घेतला. पुढचं सगळं तिने सावकाश, एकेक शब्द निवडून म्हटलं. लेकीने सांगितलं तसं मी लिहिते.

“सर, धन्यवाद. पण तो मरायला निघाला नव्हता. त्याला जगायचं होतं, त्याच्यापाशी कामं होती. त्याला मारलं, कारण त्याने तक्रार केली. जे दिसलं ते लिहून ठेवलं. ‘आत्ता नको, हळू बोल, घरच्यांचा विचार कर’ म्हणणारे तेव्हाही होते, आणि त्यांची काळजी खरी होती. आम्हा फिलिपिनो लोकांना सगळे म्हणतात, तुम्ही किती सोशिक, किती हसतमुख. त्याच्याकडून आम्ही सोसायला शिकायचं असेल तर आम्ही त्याला पुन्हा एकदा पाठमोराच उभा केला म्हणायचा. मला शाल नको. मंगळवारी मॅनेजरने मला बोलावलंय. मी मास्कबद्दल बोलले म्हणून. सोबत एक माणूस आणा असं म्हणालेत. मी इथे कुणाला ओळखत नाही. तुमच्यातलं एक माणूस माझ्याबरोबर येईल का?”

इतकी शिकलेली माणसं, आणि सगळ्यांना एकदम आपापले बूट दिसायला लागले. गृहस्थ माइक घेऊन म्हणाले, “डेफिनेटली, वी विल लुक इंटू इट,” आणि पुढचं नाव पुकारलं. नारळ तिच्या खुर्चीवर ठेवून दिला कुणीतरी. मी उठून त्यांच्याकडे गेले. ते दबक्या आवाजात म्हणाले, “काकू, तुम्ही आधी कल्पना द्यायची ना. हा काय आपला विषय आहे का? शेवटी आपण इथे पाहुणे.” शेजारचा एकजण म्हणाला, “माझा सिटिझनशिपचा अर्ज आत आहे हो, काकू, नाहीतर...” मी म्हटलं, “पाहुणे? घर घेतलंत ना बाबा इथे? कर भरता ना? पाहुण्याला कोण कर लावतं? तिला शाल द्यायला तुम्ही यजमान, आणि सोबतीला जायला पाहुणे?” माझा आवाज चढला. लेक माझा दंड धरून म्हणाली, “आई, चल.” गाडीत बसल्या बसल्या तिने रेडिओ मोठा केला. मला वाटलं, हिलाही लाज वाटली, माझी.

मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून कोट शोधत होते, जाणार तर होतेच, बसने तर बसने. तर लेक जिन्यावरून खाली आली, बाळ जावयाच्या हातात दिलं, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, “इंग्रजी कोण बोलणार आहे तिथे? तू?” एवढंच. त्या क्षणी मला तिला जन्म दिल्याचं सार्थक वाटलं, आणि तेही मी बोलून दाखवलं नाही, कारण तिने गाडी आधीच सुरू केली होती.

पण आत सोडलं नाही आम्हाला. दारातच सांगितलं, सोबतीचं माणूस म्हणजे इथे काम करणारं, बाहेरचं नव्हे. आणि इथे काम करणाऱ्या बाया तिला जिन्यात भेटल्या की मान फिरवत होत्या. त्यांचीही परमिटं, त्यांचीही वासरं. ती एकटी आत गेली. आम्ही गाड्यांच्या आवारात, त्या खोलीच्या खिडकीसमोर उभ्या राहिलो. मी साडीवर कोट, डोक्याला मफलर, पुतळ्यासारखी. मॅनेजरने एकदा पडदा ओढला. माझ्या लेकीने जागा बदलली आणि काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मग ती आतून बाहेर आली आणि म्हणाली, “सगळं बोलले, पो.” ती हसत होती, या वेळचं हसू मात्र आधी कधी बघितलेलं नव्हतं.

पुढे काय झालं ते सांगते, गोड करून सांगत नाही. तिची नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की केली नाही. कारण म्हणून काहीतरी सभ्य शब्द लिहून दिले. काही दिवसांनी तपासणीवाले आले, प्रेसचं कुलूप निघालं, मास्क बाहेर आले. मास्क आले आणि ती गेली. दूर दक्षिणेला, कॉर्क शहरातल्या एका हॉस्पिटलात तिला कशीबशी जागा मिळाली, पण लेकीचे कागद पुन्हा पहिल्यापासून. शिवाय मधे त्यांच्याकडचीही दारं बंद. सत्काराचे फोटो मंडळाच्या पानावर झळकले, त्यात ती नाही. कुणी तिचं नाव काढलं तर ‘जरा नाटकी होती’ असं म्हणतात, म्हणे. ऐकलं की माझ्या जिवाचा संताप होतो. हा संताप म्हातारपणी अंगाला बरा नाही, असं लेक म्हणते. मी म्हणते, राहू दे, तेवढीच ऊब.

गेल्या महिन्यात आम्ही कॉर्कला गेलो, तिला भेटायला. लेक आणि जावई बाळाला घेऊन नदीवर फिरायला गेले, आणि मी तिच्या छोट्या स्वयंपाकघरात बसले. व्हिनेगर-लसणात काहीतरी शिजत होतं. तिला सुट्टी होती. ती आनंदात होती, लेकीचे कागद आता शेवटच्या टेबलावर आहेत म्हणाली. लेकीला फोन लावायची वेळ झालेली, तिने फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला. तेवढ्यात दार वाजलं. केरळची एक कोवळी पोरगी, तिच्याच वॉर्डातली, कामावरच्या कपड्यांत, डोळे सुजलेले. तिला वरच्या साहेबांनी आत्ता बोलावलं होतं, ड्युट्यांबद्दल काही बोलली म्हणून. एकटीने जायची छाती होत नव्हती.

आणि मी, ही मी, हिरवळीवर आवाज चढवणारी, पटकन बोलून गेले, “अगं, कागद शेवटच्या टेबलावर आहेत. आत्ताच नको. लेकीचा विचार कर.”

तिने पातेल्याखालची आच बारीक केली. कोट घातला. मग माझ्याकडे बघून, न रागावता, म्हणाली, “तीता, हे उतू जाणार नाही एवढं बघा.” आणि त्या पोरीच्या पाठीवर हात ठेवून निघून गेली.

तेवढ्यात तिच्या लेकीचाच फोन आला, मी उचलला. पलीकडे संध्याकाळ होती, पंख्याचा आवाज येत होता, आणि एक दहा वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी पडद्यातून मला निरखत होती. आईला शोधत तिने मान तिरकी केली. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, मम्मा गेलीय, एका मुलीला सोबत.

“अगेन?” ती म्हणाली. कंटाळून, आणि जरा तोऱ्यात.

मग तिने शाळेचे कागद समोर ओढले, पेन्सिलीला टोक केलं आणि गणितं सोडवायला लागली. मी पातेल्यावरचं झाकण थोडं सरकवलं. मधेमधे ती डोळे वर करून माझ्यामागच्या दाराकडे बघायची, आणि मग मीही वळून बघायची.